माझ्या नावाचं पान

दिवाळीच्या सुट्ट्या संपून कॉलेज उघडलं आणि त्याच आठवड्यात प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना सभागृहात बसवून पुण्याहून आलेल्या एका तज्ज्ञांच्या हवाली केलं. पुढच्या वर्षी मूल्यांकन समिती येणार होती. ती येण्याआधी प्रत्येकाची ‘ऑनलाइन ओळख’ तयार पाहिजे, असा संस्थेचा आदेश होता. तज्ज्ञ म्हणाले, “मोबाइल काढा. स्वतःचं नाव टाका. जे येईल, जगाला तुम्ही तेवढेच दिसता.”

मी त्या कॉलेजची ग्रंथपाल. कॉलेज पैठण रस्त्यावर, शहर संपून बिडकीन लागायच्या मधे. मी नाव टाकलं. आधी एक ब्युटी पार्लर आलं. मग कुठल्याशा ग्रामपंचायतीला पडलेली एक उमेदवार आली. पार खाली एका चर्चासत्राचा गटफोटो होता. त्यात मी मागच्या रांगेत अर्धीच दिसत होते आणि खाली छापलेलं नाव दुसऱ्याच बाईचं होतं. शेजारी बसलेले इतिहासाचे सर वाकून बघत म्हणाले, “मॅडम, तुम्ही तर नाहीतच!”

सगळे हसले, मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य मनातून गेलं नाही.

नाही म्हणायला माझी नावं पुष्कळ होती. आमचं घर मेंढरांचं. वडील उन्हाळ्यात कळप घेऊन गोदावरीकाठाला जात, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत, आणि आम्ही पोरं जिथं मुक्काम पडेल तिथल्या शाळेत जाऊन बसत असू. पाचोडजवळच्या आमच्या वस्तीवरच्या गुरुजींनी आडनावाच्या जागी गावाचं नाव लिहिलं. पुढच्या शाळेतल्या गुरुजींनी ते खोडून कुळाचं लिहिलं. दहावीच्या फॉर्मवर पुन्हा गावाचं आलं, म्हणून पदव्यांवर तेच राहिलं. लग्नानंतर नोकरीच्या कागदांवर नवऱ्याचं आडनाव लागलं. आधार कार्ड काढणाऱ्यानं त्या आडनावात एक काना जास्तीचा दिला. नवरा गेला, आडनाव राहिलं. एवढी नावं अंगावर वागवताना मला कधी अडचण वाटली नव्हती, कारण कॉलेजात मला सगळे नुसतं ‘लायब्ररी मॅडम’ म्हणत.

आमच्याकडं संगणक शिकवायला तासिका तत्त्वावर एक तरुण प्राध्यापिका होती. शनिवारी तिचे तास लवकर संपत. ती माझ्याकडं येऊन बसायची, कारण वाचनकक्षात खिडकीतून वारा चांगला यायचा. मी तिला म्हटलं, “बाई, माझं ते ऑनलाइनचं काय असतं ते करून दे.”

तिनं कागद पुढं ओढला. “आधी नाव ठरवा. सगळीकडं एकच पाहिजे. एक नाव, एक फोटो, एक ओळख. लोकांनी तुम्हाला कुठल्या नावानं ओळखावं असं वाटतं?”

असं मला कुणी विचारलं नव्हतं. गुरुजींनी नाही, सासरच्यांनी नाही, आधारवाल्यानं तर नाहीच. मी तिच्या हातातलं पेन घेतलं. मग माझं नाव आणि पदवीवरचं, वस्तीच्या गावाचं आडनाव लिहिलं. त्या आडनावानं मला हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. तरी लिहिताना हात हलका झाल्यासारखा वाटला.

पुंडलिकनगरच्या रस्त्यावर एक फोटो स्टुडिओ आहे. तिथं जाऊन फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, “हसा, पण दात नको.” घरी आईला फोटो दाखवला. वडील गेल्यापासून ती माझ्याजवळच राहते. तिनं मोबाइल लांब धरून बघितला.

“कुणाला दाखवायचाय?”

“सगळ्यांना. पुस्तकांविषयी काही विचारायचं असेल तर लोकांनी मला विचारावं म्हणून.”

“व्हय? मंग जरा नीट हसायचं ना. अशी बाई पुस्तक दिती का नाय, कुणाला कळंल?”

ओळखीची ओळ लिहायला सगळ्यात वेळ लागला. शेवटी लिहिलं, ‘ग्रंथपाल. वाचकाला त्याचं पुस्तक शोधून देते.’ पत्त्यात शहराचं जुनं नाव घालावं की नवं, यावरही मी आणि ती संगणकाची प्राध्यापिका अडलो. तीच म्हणाली, “दोन्ही लिहा. शोधणारा कोणतं टाकेल काय सांगावं.” कॉलेजच्या ई-मेलवर तिनं सगळी खाती काढून दिली. नियमच तसा होता.

पुढचं मात्र कुणी शिकवलं नव्हतं. पान तर झालं, त्यावर लिहायचं काय? बाकीचे शिक्षक सत्काराचे फोटो टाकत. माझे सत्कार झाले नव्हते. मग मी जे रोज करत होते तेच लिहिलं. एका संध्याकाळी टाकलं, “पुस्तकाचं नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, पण पुस्तक आठवतं, असं तुमचं होतं का? जे आठवतं ते लिहा. शोधून बघते.”

आठवडाभर कुणी काही लिहिलं नाही. मग एकानं लिहिलं, हिरवं कव्हर, त्यात एक विहीर आणि बुडालेली बैलगाडी. ते सापडलं. मग दुसऱ्यानं विचारलं, तिसऱ्यानं विचारलं. जालन्याहून एका बाईंनी लिहिलं की लहानपणी भाऊ त्यांना एक धडा वाचून दाखवायचा. त्यात हौदावर पाणी पिणाऱ्या उंटाचं चित्र होतं, बाकी काही आठवत नाही. भाऊ आता नाही. आमच्याकडं जुनी क्रमिक पुस्तकं एका कपाटात होती. रद्दीत जाऊ नयेत म्हणून मी आणि आमच्या परिचरानं ती सांभाळली होती. दोन-तीन दुपारी आम्ही ती चाळली. उंट सापडला. मी पानाचा फोटो पाठवला. बाईंनी आवाजी निरोप पाठवला, पण त्यात शब्द नव्हते, नुसतं रडणं होतं. शेवटी एवढंच, “देव तुमचं भलं करो, ताई.”

माझा वेळ असाच जाऊ लागला. कॉलेज सुटलं की चहा घ्यायचा, आईशेजारी बसायचं आणि लोकांची पुस्तकं शोधायची. ज्यांना मी कधी बघितलं नाही ते मला नावानं ओळखू लागले. लातूर, नांदेड, सोलापूरकडचे ग्रंथपाल विचारू लागले, “मॅडम, तुम्ही हे कसं शोधता?” मी सविस्तर लिहायची. कुठंही नाव टाकलं की आता मीच यायची. ब्युटी पार्लर खाली गेलं. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटायचा. मेंढरांमागं फिरलेल्या पोरीला आपलं नाव एका जागी स्थिर झालेलं बघायला मिळत होतं.

समिती आली. प्राचार्यांनी माझं पान मोठ्या पडद्यावर दाखवलं. समितीतले एक वयस्कर सर खाली उतरून वाचनकक्षात आले, उंटाचं पुस्तक हातात घेतलं आणि म्हणाले, “हे काम दुर्मीळ आहे.” अहवालात ग्रंथालयाचं कौतुक आलं. कॉलेजची श्रेणी वाढली. मला शाल आणि श्रीफळ मिळालं. त्या दिवशी पहिल्यांदा मी सत्काराचा फोटो टाकला.

त्यानंतर उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. संस्थेचे एक पदाधिकारीही बसले होते. पाणी मागवलं, बसायला सांगितलं. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, बिडकीनला एवढ्या कंपन्या येतायत. त्यांना कुशल पोरं पाहिजेत. आपण कौशल्य केंद्र काढतोय. जागा मोठी लागणार.”

“चांगलं आहे सर.”

“वाचनकक्षाचा हॉल त्याला बरोबर बसतोय.”

मला वाटलं, ते आमच्यासाठी दुसरी जागा सांगतील. मग मीच विचारलं, “आणि ग्रंथालय?”

पदाधिकारी हसून म्हणाले, “अहो, तुमचं ग्रंथालय तर ऑनलाइन झालंच आहे की! तुम्हीच सिद्ध केलंत. अख्खा महाराष्ट्र तुम्हाला विचारतो. त्याला भिंती कशाला लागतात?”

“साहेब, लोक ऑनलाइन विचारतात. पण मी शोधते कपाटात.”

“कपाटं कुठं फेकून देतोय आम्ही? मागच्या जिमखान्याच्या खोलीत नीट लावून घ्या.”

मी पुष्कळ बोलले. पोरं कुठं बसतील म्हणून विचारलं. बिडकीन, चितेगावकडच्या पोरींना घरी अभ्यासाला जागा नसते, त्या संध्याकाळपर्यंत इथंच बसतात, हे सांगितलं. समितीच्या अहवालाची आठवण दिली. प्राचार्य माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमच्या कामाची किंमत आम्हाला आहे. म्हणूनच तर हे शक्य होतंय.”

बाहेर येऊन मी व्हरांड्यात उभी राहिले. मी एवढ्या मेहनतीनं जे उभं केलं, त्याच्याच जोरावर माझ्या पायाखालची फरशी काढून घेतली होती, आणि वर माझं अभिनंदनही करून झालं होतं.

सुट्टीत पुस्तकं हलवली. जिमखान्याच्या खोलीत कपाटं मावली नाहीत, म्हणून पुस्तकं खोक्यांत आणि पोत्यांत भरली. आमचा परिचर रोशनगेटकडचा, निवृत्तीला आलेला माणूस. तो खोक्यावर खोकं रचत होता आणि मी त्यावर विषय लिहीत होते. मधेच माझ्या हातातला मार्कर थांबला. परिचर माझ्याकडं बघून म्हणाला, “मॅडम, कायकू रोते? किताबां कहीं भागते नै.”

“पळत नाहीत हो. पण आता सापडणारही नाहीत.”

तो सुतळी घेऊन पुढचं पोतं बांधू लागला. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला. त्याच्या जागी कुणी आलं नाही.

मला परीक्षा विभागात बसवलं. कागदोपत्री मी अजून ग्रंथपालच होते. दिवसभर हॉलतिकिटांवर सह्या घ्यायच्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावायचे. संध्याकाळी पानावर लोकांचे प्रश्न यायचे. जमेल तसं मी जिमखान्यात जाऊन मोबाइलच्या उजेडात खोकी उघडायची. हवं ते पुस्तक नेमकं तळाच्या खोक्यात असायचं. हळूहळू माझी उत्तरं बदलली. ‘शोधून बघते’च्या जागी मी ‘सध्या शक्य नाही, क्षमस्व’ लिहू लागले. मग एकदा सरळ लिहिलं, आमचं ग्रंथालय सध्या बंद आहे, पुस्तकं खोक्यांत आहेत.

दुसऱ्या दिवशी ती नोंद पानावर नव्हती. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, “प्रवेशाचे दिवस आहेत मॅडम. असं लिहिलं तर पालक काय म्हणतील? खातं कॉलेजच्या मेलवर आहे, म्हणजे ते कॉलेजचं आहे.” आता सोशल मीडियाचं काम सिडकोतल्या एका एजन्सीला दिलंय, पासवर्डही बदललाय, असं त्यांनी सांगितलं. “तुमचा त्रास वाचला,” असंही म्हणाले.

ज्या तरुण प्राध्यापिकेनं खाती काढून दिली होती, तिला मी फोन केला. तिचं कंत्राट पुढं चाललं नव्हतं, ती पुण्याला गेली होती. ती म्हणाली, “मॅडम, चूक आपली झाली. स्वतःच्या मेलवर काढायला पाहिजे होतं. पण तेव्हा नियम होता.” मग थोडं थांबून म्हणाली, “नाव तुमचं, फोटो तुमचा. तुम्ही तक्रार करू शकता.”

मी तक्रार केली. ज्या साइटवर पान होतं, त्या कंपनीकडून उलट आलं की ओळख पटवा, सरकारी ओळखपत्र जोडा. मी आधार जोडलं. उत्तर आलं की ओळखपत्रावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही. जुळणार कसं? आधारवर सासरचं आडनाव, तेही जास्तीच्या कान्यासकट. पानावर माझ्या पसंतीचं. मी पदवी पाठवली. ती त्यांना ओळखपत्र म्हणून चालली नाही. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच उत्तर आलं. उत्तर देणारा माणूस होता की यंत्र, तेही कळलं नाही. मी मीच आहे, हे पटवून देण्याची सोय मला उरली नव्हती.

आणि पान चालूच राहिलं. सकाळी परीक्षा विभागात बसल्यावर मोबाइलवर मला मीच दिसायची. फोटोतली मी, दात न दाखवता हसणारी, लोकांना सणांच्या शुभेच्छा द्यायची. ‘आमच्या सुसज्ज ग्रंथालयात आपलं स्वागत आहे’ म्हणायची. खाली जुन्या वाचनकक्षाचा फोटो, खिडकीतून ऊन आलेलं. तिथं आता यंत्रांची मॉडेलं आणि पडदे होते. नातेवाईक म्हणायचे, “तुमचं छान चाललंय, रोज बघतो आम्ही.” आई म्हणायची, “लोक नाव घेत्यात तुझं. मंग तोंड का पाडतीस?” शेवटी मी मोबाइलवर ते बघणं बंद केलं.

मधे एक गोष्ट घडली, ती सांगायला पाहिजे. एका दुपारी शिपाई सांगत आला की लायब्ररी मॅडमला भेटायला कुणी आलंय. बाहेर व्हरांड्यात एक तरुण मुलगी उभी होती. बरोबर तिचे वडील. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी, पायांत धुळीनं भरलेल्या वहाणा. घोंगडीचा वास आला आणि मला क्षणभर माझेच वडील आल्यासारखं वाटलं. पाचोडकडून एसटीनं आले होते.

मुलगी खाली वाकून पाया पडायला लागली. मी तिला धरलं.

“मॅडम, मी तुमचं पान पहिल्यापासून वाचते. तुमचं आडनाव बघून मी घरी म्हणलं, ही आपल्याकडचीच बाई हाय. मी ग्रंथालयशास्त्राला ॲडमिशन घेतलंय. तुमच्यामुळं.”

वडील म्हणाले, “बाई, लई हट्ट धरला हिनं. म्हणली, मला त्या बाईवानी व्हायचंय. पाव्हणे म्हनत व्हते, लगीन करा. म्या म्हनलं, शिकू द्या. आपल्यातली एक बाई हितवर गेली, तर हीबी जाईल.”

मुलीनं इकडंतिकडं बघितलं. “ग्रंथालय बघायचं होतं, मॅडम. ती खिडकी.”

मी त्यांना हॉलच्या दाराशी नेलं नाही. तिथं क्लास चालू होता. मी जिमखान्याच्या खोलीची किल्ली घेतली. दार उघडलं तेव्हा आतून कोंदट वास आला. पोत्यांवर धूळ बसली होती, एका कोपऱ्यात छत पाझरून खालची खोकी फुगली होती. मुलगी उंबऱ्यातच थांबली. तिला वाटलं, मी काही घ्यायला तिथं थांबलेय.

“हेच आहे,” मी म्हटलं.

“काय, मॅडम?”

“ग्रंथालय.”

मी तिला सगळं सांगितलं. हॉल गेला, परिचर गेला, पान माझ्या हातात नाही. तेही सांगितलं जे सांगताना मला कष्ट पडले. “बाळ, जागा निघत नाहीत. माझ्या बरोबरीचे निवृत्त झाले, त्यांच्या खुर्च्या रिकाम्याच आहेत. मी गेल्यावर माझीही राहील. तू दुसरं काही घे. अजून वेळ आहे.”

ती उंबरा ओलांडून आत आली. मग म्हणाली, “पण तुम्ही तर आहात ना, मॅडम?”

वडिलांनी एक फुगलेलं पुस्तक उचललं, घोंगडीच्या टोकानं पुसलं आणि जपून परत ठेवलं. ते म्हणाले, “पोरी, चल. बाईंना कामं असत्याल.” मी चहाचा आग्रह केला. ते थांबले नाहीत. जाताना मुलीनं माझा नंबर घेतला, पण त्यावर तिनं कधी फोन केला नाही. तिच्यासाठी मी त्या पानावरच राहत होते.

पुढच्या वर्षी आईला वस्तीवर न्यायचं होतं. तिच्या भावाच्या घरी नातवाचं जावळ होतं. परतताना पाचोडला आठवडी बाजार भरलेला होता. आई म्हणाली, “वाईच थांबू. गावरान तीळ मिळत्यात हितं.” मी तिला एका टपरीच्या सावलीला बसवलं आणि बाजारात शिरले. मोबाइलच्या कव्हरांचा आणि चार्जरांचा एक गाळा होता. गाळ्यामागं ती मुलगी बसली होती.

मी ओळखलं, तिनंही ओळखलं. पण ती उठली नाही.

“कशी आहेस? कोर्स झाला?”

“सोडला.” ती गिऱ्हाइकाला कव्हर दाखवत होती. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, “अर्ध्यात सोडला. घरी वडलांचा पाय मोडला. मेंढरांमागं भाऊ गेला, त्याचा हा गाळा कोण बघणार? भाऊ म्हणला, तुझ्या त्या शिक्षणानं नोकरी लागंल का, तेवढं सांग. मला काय माहीत? मी तुम्हाला विचारलं.”

“मला? कधी?”

“पानावर लिहिलं की मोठं. सगळं लिहिलं होतं.”

“मग?”

“तुम्ही उत्तर दिलं.” ती हे शांतपणे म्हणाली. तिनं आपला मोबाइल काढला, वर सरकवत सरकवत गेली आणि माझ्यापुढं धरला.

वर तिचा मजकूर होता, लांबलचक. वडिलांचा पाय, भावाचं म्हणणं, आलेलं स्थळ. शेवटी लिहिलं होतं, “मॅडम, मी सोडून देऊ का? तुम्ही सांगाल तसं करते.” त्याखाली माझा छोटासा गोल फोटो आणि माझं नाव, मी स्वतः निवडलेलं. त्यापुढं, “आपल्या प्रतिक्रियेबद्दल मनःपूर्वक धन्यवाद! वाचत राहा, पुढे जात राहा!” आणि एक फूल.

“मी हे लिहिलं नाही,” मी म्हटलं. “तुला सांगितलं होतं ना, पान माझ्या हातात नाही. एजन्सी चालवते.”

“सांगितलं व्हतं. पण मला वाटलं, माणसाचं दुःख असलं तर कुणीतरी तुम्हाला सांगंल. एवढं तर करतील. फोनवर बोलायला धीर झाला नव्हता.” ती चार्जरांच्या वायरी सारख्या करू लागली. “फोटो तुमचा. नाव तुमचं. मंग लिहिलं कुणी?”

“मला ठाऊक नाही.”

“त्याचं नाव पण नसंल?”

“नाही.”

तिनं मान हलवली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तेवढ्यात एक बाई पोराला घेऊन आली आणि हेडफोन मागू लागली. मुलगी उठून वरच्या खुंटीवरून हेडफोन काढू लागली. मी जरा वेळ थांबले. ती बाई भाव करत होती, मुलगी हसून उत्तर देत होती. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “या मॅडम. ऊन लई झालंय.”

टपरीच्या सावलीला आई वाट बघत होती. तीळ मी आणलेच नव्हते. तिनं विचारलं, “कुणाशी बोलत व्हतीस?” मी म्हटलं, “ओळखीची मुलगी.” ती म्हणाली, “लई वेळ लावलास.”

त्या मुलीचा नंबर माझ्याकडं नव्हता. दुसऱ्या महिन्यात गावाकडच्या एकाकडून मिळवला. आता तो माझ्या मोबाइलमध्ये आहे. मी कितीदा तरी संदेश लिहायला घेतला. आधी माझं नाव लिहायची, म्हणजे तिला कळेल की ही खरी मी. मग त्यापुढं काय लिहायचं? कोर्स पुन्हा धर, असं? धरून ती जाणार कुठं, हे मला ठाऊक होतं. नको धरूस, तेच बरं केलंस, असं? ते लिहायला बोटं उठेनात. एजन्सीतल्या त्या कुणीतरी निदान काहीतरी उत्तर दिलं होतं. तिनं मनापासून विचारलेल्या प्रश्नाला माझ्याजवळ, नाव, पदवी आणि एवढ्या वर्षांची नोकरी असलेल्या ग्रंथपालाजवळ, एकही उत्तर नव्हतं. मी लिहिलेलं पुसून टाकायची आणि मोबाइल उपडा ठेवायची. अजूनही तसंच करते.